सातचं ताट

उजव्या हाताचा तळवा छातीखाली, बरगड्या जिथे मिळतात तिथे, दाबून धरायचा. डावा हात माझ्या काउंटरवर टेकायचा. एक आंबट ढेकर तोंडातल्या तोंडात गिळायचा. आणि मग, दुकानात ऐकणारं कुणी असेल तर जरा मोठ्यानं म्हणायचं, "मी नाई म्हणत हो बाई, डॉक्टरीण म्हणते."

हे काकूचं वाक्य. या एका वाक्यावर तिनं आपल्या नवऱ्याशी लढाई केली, आणि मी ती लढाई माझ्या काउंटरमागे उभी राहून, पहिल्या रांगेत बसल्यासारखी पाहिली.

माझं मलकापूरला मेडिकलचं दुकान आहे, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. मेडिकलवालीला गल्ली आतून ठाऊक असते. कुणाला झोप लागत नाही, कुणाचे गुडघे गेले, कुणाच्या घरात कोण कुणावर ओरडतं, हे सगळं औषधाच्या पिशवीतून कळतं. तुमच्याही गल्लीत काकूसारखी एखादी असेलच. अंगानं भरलेली, चालताना धापा टाकणारी, पदरानं घाम पुसणारी. तिच्याकडे बघून आपण मनात म्हणतो, खात असेल भरपूर. मीही तेच म्हणत होते, तिच्या घरी चार संध्याकाळी बसेपर्यंत.

काकूचा नवरा कापसाचा दलाल. सगळी गल्ली त्यांना काका म्हणते. मी कधी म्हटलं नाही आणि इथेही म्हणणार नाही. दलाल म्हणेन, ते पुरेसं आहे. माणूस मोठा दिलदार अशी त्यांची ख्याती. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या गेटवर उभे राहिले की ओळखीच्या-अनोळखीच्या सगळ्यांना चहा. बोलणं असं की माणसं पोट धरून हसायची. बहुतेक वेळा ती हसायची तिसऱ्याच कुणावर तरी, आणि तो तिसरा बिचारा तिथेच उभा असायचा.

हे दलाल रात्रीच्या जेवणाला घरी यायचे ते त्यांची बैठक संपली की. बैठक कधी संपेल त्याचा नेम नाही. आणि नवरा जेवल्याशिवाय काकू जेवत नसे, कारण तिच्या सासूनं तिला तसं लावून दिलं होतं. सासू जाऊन किती वर्षं झाली, पण ते लावून दिलेलं गेलं नाही. मग संध्याकाळी भूक लागली की चहा. पुन्हा लागली की पुन्हा चहा. मधे मूठभर शेंगदाणे, डब्यातला चिवडा, सकाळच्या पोळीचा तुकडा लोणच्याशी. दलाल येणार, गरम पोळी, तर्रीची भाजी, ठेचा असं निवांत जेवणार, आणि मग काकू उरलेलं गार घेऊन बसणार आणि भांडी आवरून लगेच आडवी होणार. पोटातलं आंबट मग घशाशी येत राहायचं. उशाशी गुलाबी औषधाची बाटली, तोंड लावून प्यायची, पाण्यासारखी.

बाटली मीच देत होते. पोट वाढत होतं, जळजळ वाढत होती आणि गल्ली म्हणत होती, खाते बुवा काकू.

मुलीच्या लग्नात ते सगळं उकळून वर आलं.

लग्न मलकापूरच्याच कार्यालयात होतं. काकू पहाटेपासून पायावर उभी. मुलीची आई म्हणून सकाळी विधी होईपर्यंत उपास, नंतर पाहुण्यांचं बघण्यात दुपार गेली. चहाशिवाय पोटात काही नाही. सगळ्यांची जेवणं आटोपल्यावर आम्ही चारपाच बायका तिला ओढून घेऊन बसलो. ताटात गार पुरी, भात, तळाशी गेलेली भाजी. तिनं पहिला घास मोडला तेवढ्यात दलाल व्याह्यांना आणि त्यांच्याकडच्या मंडळींना घेऊन आमच्या बाजूनं निघाले. तिला पाहून थांबले. आचाऱ्याला हाक मारली.

"पातेले झाकून ठेव बे! आमची मालगाडी लागली धक्क्याले. सारा माल भरल्याबिगर हालत नाई!"

व्याही हसले. व्याह्यांच्या मागचे हसले. आचारी हसला. मुलीची नवी सासू तोंडाला पदर लावून हसली. काकूनं हातातला घास ताटात ठेवला, ताटावर ताट झाकलं आणि हात धुऊन आली. मुलीची पाठवणी होईपर्यंत ती हसतमुखानं उभी होती, हे मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत असं दुखलं की सगळ्यांना वाटलं हृदयच. रिक्षात घालून नेलं. ईसीजीची पट्टी काढली, ती बरोबर निघाली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नीट समजावून सांगणाऱ्या. त्यांनी सांगितलं, हे पित्त आहे, पोटातलं आम्ल उलटं वर येतं. गोळी देते, पण नुसत्या गोळीनं भागणार नाही. वजन उतरवा. वेळेवर जेवा. संध्याकाळी सातला जेवण उरकायचं, झोपायच्या बरंच आधी. तिखट-तळलेलं कमी, उपाशीपोटी चहा बंद. पलंगाचं उसं थोडं उंच करा. डाव्या कुशीवर झोपा.

काकू ती चिठ्ठी घेऊन तडक माझ्या दुकानात आली. मी गोळ्या काढत होते. तिनं तळवा छातीखाली दाबला आणि म्हणाली, "बाई, एक विचारू काय? डॉक्टरीणनं सांगतलं ते न ऐकलं तर काई होते काय?"

"होतं ना. त्रास वाढतो. पुढं अन्ननलिकेला जखमा होतात."

"म्हणजे ऐकाच लागन."

"ऐकाच लागेल."

"मंग बरं," ती म्हणाली. तिचे डोळे तेव्हा जे चमकले त्यावरून मला कळायला हवं होतं, की बाई औषध न्यायला आली नव्हती, हत्यार न्यायला आली होती.

त्याच संध्याकाळी सातला काकूनं पुढच्या खोलीत, दारातून येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशा जागी पाट मांडला आणि ती जेवली. लग्नघर ते, पाहुणे अजून हलले नव्हते. दलाल नेमके घरात होते. ते म्हणाले, "हे काय? माणसं जेवाची हायत अजून."

"मी नाई म्हणत," काकू घास गिळून म्हणाली, "डॉक्टरीण म्हणते."

तिथून जे सुरू झालं ते सांगताना मला अजून मजा येते. घरातून तिखट गेलं. "मले दोन दोन सैपाक नाई होत," ती म्हणाली. दुधी आला, दोडका आला, मुगाचं वरण आलं, पातळ फुलके आले. ठेचा वाटायचा दगड परसात कुंडीखाली गेला. ज्या माणसानं आयुष्यभर हिरव्या मिरच्या भज्यासारख्या खाल्ल्या त्याच्यापुढे रोज वाफवलेला भोपळा. आणि सातनंतर चूल बंद. दलाल आले की जाळीत झाकलेलं गार ताट त्यांची वाट बघत असायचं.

एकदा ते स्वतः माझ्याकडे आले. आधी खोकल्याच्या गोळ्या घेतल्या. मग इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला.

"मॅडम, त्या औषधात असं असते काय हो, का दुधीची भाजी रोजच कराची?"

"असतं," मी म्हणाले. "मधे खंड पडला की कोर्स पहिल्यापासून."

"अन् घरात पापड तळला, तर नुसत्या वासानंबी तिले त्रास होते म्हणते."

"वास तर सगळ्यात वाईट."

डॉक्टरीणबाईंनी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. पण मला राहवलं नाही. खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट हातात धरून ते गल्लीत शिरले तेव्हा मी मागे वळून कपाटाच्या काचेत स्वतःचं तोंड बघितलं. मी हसत होते.

पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा आल्या. "त्यायचं काय होते माहीत हाय काय?" काकू मला काउंटरवर ओणवून सांगायची. "झोपते उशीवर, अन् सकाळी सापडते पायथ्याले. घसरते ना. पायजमा वर अन् माणूस खाली." हसता हसता तिला ढेकर यायचा आणि ढेकर देता देता हसू. "अन् डाव्या कुशीवर झोपा म्हणते डॉक्टरीण. आता ते झोपते माह्या उजव्या अंगाले. माही पाठ पडली त्यायच्याकडं. मी काय करू? बिमारी हाय."

वजन उतरत होतं. सकाळी पदर खोचून ती रेल्वेच्या पुलापर्यंत चालत जायची, मालगाड्या उभ्या असतात तिथे थोडी थांबायची आणि परत फिरायची. माझ्या दुकानाबाहेर वजनाचा काटा आहे. चपला काढून ती त्यावर चढायची, वाकून आकडा बघायची, उतरायची, आणि कुणाला काही सांगायची नाही. ब्लाउज आत घेतले, पुन्हा घेतले. बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. गुलाबी बाटली आधी महिन्याला झाली, मग बंदच झाली. छाती दाबायची सवय तेवढी राहिली, कारण ते वाक्य त्याच्याशिवाय शोभत नसे.

मी तिला एकदा म्हटलं, "काकू, तब्येत चांगली सुधारली बघा."

"तब्येत गेली चुलीत," ती म्हणाली. इतक्या सरळ आवाजात की मी हातातलं काम थांबवलं. "त्यायनं मले व्याह्यायसमोर मालगाडी म्हटलं. मी उपाशी होती, बाई. मी त्या दिवशी उपाशी होती."

मी स्टूल तिच्याकडे सरकवलं.

"मले माफी-बिफी नको," ती पुढे म्हणाली. "तोंडाची माफी तर ते चहासारखी साऱ्यायले वाटत फिरते. त्यायनं मले वाढलं पाह्यजे. आपल्या हातानं. चार लोकायत. जशी चार लोकायत उठवली, तशी चार लोकायत बसवा म्हणा. एवढंच. तोवर मी सोडत नाई."

हे ऐकल्यावर मला सगळ्या लढाईचा अर्थ लागला. तिला काय हवं होतं ते इतकं लहान होतं की आपल्यापैकी कुणीही एका मिनिटात देऊन टाकलं असतं. दलालांना ते जमणार नाही हेही मला त्याच क्षणी कळलं. जो माणूस साऱ्या जगाला चहा पाजतो, त्याला बायकोच्या ताटात चमचाभर वाढायला लाज वाटते. कारण विचाराल तर मला सांगता येणार नाही, पण असे पुष्कळ आहेत. तुम्हीही पाहिले असतील.

कापूस निघून गेला की दलाल दरवर्षी वरवट बकालकडच्या त्यांच्या शेतात रोडग्याचं जेवण घालायचे. मारुतीला बोललेलं होतं, वडिलांच्या काळापासून. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, पदर घालून वळलेले, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. रोडगा फोडायचा आणि त्यावर तूप. तूप मात्र यजमानानं स्वतः वाढायचं, आणि शेवटच्या पानापर्यंत तूप गेल्याशिवाय पहिला घास कुणी घ्यायचा नाही, हा तिथला रिवाज. पहिली पंगत अर्थातच पुरुषांची. बायका सकाळपासून आरापाशी, डोळ्यांत धूर घेऊन.

त्या वर्षी आमची गल्लीही टेम्पोत बसून गेली. व्याही आले होते, त्यांची मंडळी आली होती, जिनिंगवरचे सगळे आले होते. लग्नात हसलेली बहुतेक तोंडं तिथे हजर होती. पंगत बसली. आणि कडुलिंबाच्या सावलीत, व्याह्यांच्या शेजारचं एक पान रिकामं दिसत होतं तिथे काकू येऊन बसली.

सगळ्या माना तिकडे वळल्या. तिनं जांभळं पातळ नेसलं होतं, नवं. लग्नातली बाई आणि ही बाई एकच, हे कुणाला पटलं नसतं. पाठ ताठ, हात मांडीवर. कुणीतरी तिच्या पानात रोडगा वाढला, भाजी वाढली. ती वाट बघत होती. आरापाशी मी हातात रोडग्यांची टोपली घेऊन उभी होते.

दलाल तुपाची चरवी आणि पळी घेऊन निघाले. एकेकाच्या पानावर थांबत, थट्टा करत, "घ्या ना, लाजता काऊन," असा आग्रह करत. व्याह्यांच्या पानावर दोन पळ्या घातल्या. मग काकूचं पान. ते पान ओलांडून ते पुढच्या माणसाकडे गेले. त्याला वाढलं, त्याच्या पुढच्याला वाढलं, असं करत ओळ संपवली आणि चरवी खाली ठेवून म्हणाले, "हं, होऊ द्या."

कुणी हात घालेना. रोडगे गार होत होते, तूप थिजत होतं. एक पान कोरडं होतं आणि रिवाज रिवाज होता. शेवटी व्याहीच म्हणाले, "अहो, एक पान राह्यलं ना."

दलालांनी तळवा छातीखाली दाबला. डोळे मिटल्यासारखे केले. हुबेहूब काकूच्या आवाजात, काकूचा हेल काढून म्हणाले, "मी नाई म्हणत हो बाई, डॉक्टरीण म्हणते! तूप मना हाय तिले!"

सगळी पंगत फुटली. एकमेकांच्या खांद्यावर डोकी टेकवून माणसं हसली. व्याही शरमेनं की कशानं, पण हसलेच. माझ्या हातून टोपलीतले रोडगे राखेत पडले.

काकू उठली. आपलं पान स्वतः उचललं, गायीपुढे ठेवलं, हौदावर हात धुतले. रडली नाही. आम्ही बायका नंतर जेवायला बसलो तेव्हा ती लिंबाच्या बुंध्याशी बसून होती. परतीच्या टेम्पोत माझ्या शेजारी बसली. मी तिचा हात धरला तर तो गरम होता.

"आता डॉक्टरीण नाई म्हणत," ती रस्त्याकडे पाहत म्हणाली. "आता मी म्हणते."

आणि खरंच, त्यानंतर ते वाक्य मी तिच्या तोंडून ऐकलं नाही. छाती दाबणंही थांबलं. घरात एकच स्वयंपाक होऊ लागला, तिच्यापुरता. दलालांनी विचारलं म्हणे, "माह्यं काय?" ती म्हणाली, "तुमचे लय लोक हायत. त्यायच्यात जेवा." दलाल हायवेवरच्या ढाब्यांवर जेवू लागले. शेवभाजी, लाल तर्री, तेलात पोहणारं काहीबाही. काकू दिवसेंदिवस हलकी होत गेली आणि ते फुगत गेले. ब्लडप्रेशरच्या गोळ्या मी त्यांना देत होते, रोज घ्या म्हणून बजावत होते, ते माझं काम. ते पाकीट खिशात टाकायचे आणि विसरायचे. माझ्याही मनात तेव्हा फार चांगले विचार नव्हते. मी त्यांना ढाब्याच्या दिशेनं जाताना पाहायची आणि मनात म्हणायची, खा. पोटभर खा.

एका सकाळी दात घासताना त्यांच्या हातातून ब्रश पडला. अकोल्याला नेलं, बरेच दिवस ठेवलं. परत आले ते उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं तिकडेच ठेवून. साऱ्या मलकापूरला हसवणारा माणूस, आता तोंडाच्या एका बाजूनं लाळ गळायची आणि "हं" एवढाच आवाज निघायचा. बैठकीतली माणसं पहिले काही दिवस आली. मग यायची थांबली.

मी वाट बघत होते. सूड घ्यायला याहून सोपी वेळ कुठली? पण काकूनं त्यांना वेळेवर भरवायला सुरुवात केली. सातच्या ठोक्याला मऊ मुगाची खिचडी, साजूक तुपाचा थेंब टाकून, चमच्यानं, रुमालानं तोंड पुसत. गल्लीतल्या बायका म्हणू लागल्या, काय सेवा करते हो. हे ऐकलं की तिचं डोकं फिरायचं. "सेवा नाई हे. उपाशी ठेवाचं काम त्यायचं होतं. माह्यं नाई."

मी एकदा धीर करून म्हटलं, "काकू, आता तरी मनातून काढून टाका. माफ करा."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला मुदत संपलेली गोळी दिली होती.

"काऊन करू? मी वेळेवर चारते ना. वेळेवर चारते, अंग पुसते, गोळी देते. त्यात काही चुकते काय माह्यं? मंग माफ काऊन करू?"

मी दलालांच्या गोळ्या पिशवीत घालून तिच्या हातात दिल्या.

आता त्या घराला कुलूप आहे. दलाल त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. काकूचा एक मुलगा बुलढाण्याला असतो, कोर्टात कारकून आहे; त्यानं तिला तिकडे नेलं. तिकडच्या एखाद्या मेडिकलवाल्याची आणि तिची ओळख झाली असेल, किंवा कदाचित गरजच पडत नसेल. तिचा फोन येत नाही, तिला फोनवर बोलायला आवडत नाही. कुलूप लावून निघाली तेव्हा माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबवून तिनं नुसता हात केला होता. पण काकू म्हटली की मला ती रिक्षातली दिसत नाही. मला दिसते ती एका संध्याकाळची.

मी दलालांचं ब्लडप्रेशर बघायला गेले होते. सातचा सुमार. पुढच्या खोलीत टेबलावर खिचडीचं पातेलं, तिचं ताट आणि त्यांची वाटी. दार अर्धवट लोटलेलं. ती रुमाल आणायला आत गेली. दलालांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डावा हात पुढे केला, पातेलं खरडत आपल्याकडे ओढलं, आणि पळी उचलली. हात असा कापत होता की अर्धी खिचडी टेबलावर सांडली. उरलेली त्यांनी काकूच्या ताटात टाकली. मग पळी हातात धरून तसेच बसून राहिले. त्यांना काय आठवलं होतं, काय कळलं होतं, मी सांगू शकत नाही. त्यांना सांगता येत नव्हतं.

काकू रुमाल घेऊन दारात उभी होती. तिनं पाहिलं होतं. तिनं रुमाल खांद्यावर टाकला.

"चार लोक कुठं हायत?" ती म्हणाली.

मला वाटलं आता ही काहीतरी भयंकर बोलेल. मला दलालांची दया आली नाही, खोटं कशाला सांगू. मला काकूची भीती वाटली. पण ती पुढे गेली, रस्त्याकडचं दार दोन्ही फळ्या उघडून सताड केलं आणि गल्लीत आवाज दिला. भाजीचा गाडा ढकलत जाणारी बाई थांबली. पाण्याचे कॅन टाकणारा आला. समोरच्या घरातल्या मास्तरीणबाई हातातली वही तशीच घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं दलाल गेलेच. मी होतेच.

"उभे राहा इथं," काकू म्हणाली. "कोणी बोलू नका."

तिनं टेबल पुसलं. ताटातली खिचडी पातेल्यात परत टाकली, ताट धुऊन आणलं, कोरडं केलं. खुर्ची दलालांच्या समोर ओढून बसली. पदर सारखा केला. रिकामं ताट पुढे ठेवलं.

"वाढा."

डाव्या हातानं वाढत नाहीत. पण त्यांना तेवढाच हात उरला होता. दलालांनी पळी पातेल्यात बुडवली, ती वर येता येता दोनदा कलंडली, त्यांचा जबडा हलत होता, डोळ्यांतून पाणी एकाच बाजूनं वाहत होतं. खिचडी ताटात पडली.

"अजून," काकू म्हणाली.

त्यांनी पुन्हा वाढली.

"अजून."

मास्तरीणबाईंनी तोंडाला पदर लावला, पण हसायला नाही. पाण्याच्या कॅनवाल्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती, का ते त्यालाही माहीत नसावं. ताटात एव्हाना भरपूर खिचडी झाली होती. इतकी ती गेल्या कितीतरी महिन्यांत एका वेळी जेवली नव्हती. काकूनं पहिला घास घेतला आणि चावताना दलालांच्या तोंडाकडे पाहत राहिली. मग दुसरा घेतला. आम्ही चौघं दारात उभे होतो आणि कुणाचाही पाय हलत नव्हता. ती घाई न करता जेवत होती आणि दलाल पळी धरून वाट बघत होते, तिला आणखी लागेल म्हणून.